संक्रांतीचा सूर्य : श्रद्धा आणि वेध

आज मकरसंक्रांत. काल घरोघरी भोगीची लेकुरवाळी भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी झाली. आज सुगडांत ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे, गव्हाच्या लोंब्या आणि तिळगूळ भरला जाईल, आणि सायंकाळी लहानथोर सारेच तिळगुळाच्या देवघेवीसाठी घराबाहेर पडतील. आपल्या सणांच्या मालिकेत या सणाचे स्थान निराळे आहे. गुढीपाडवा, गणेशचतुर्थी, दसरा, दिवाळी हे सारे चंद्राच्या तिथीवर चालणारे सण. इंग्रजी तारखांच्या हिशेबाने ते दरवर्षी मागेपुढे सरकतात. संक्रांत मात्र सूर्याची. ती जानेवारीच्या चौदा किंवा पंधरा तारखेला यावयाचीच, असा आपला अनुभव.

या सणाच्या निमित्ताने घरातले एखादे शाळकरी मूल एक साधा प्रश्न विचारते. भूगोलाच्या पुस्तकात लिहिले आहे की, सूर्याचे उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते. आजी सांगते की, ते संक्रांतीला सुरू होते. मग खरे कोणाचे? या प्रश्नाला बहुधा दोनच उत्तरे मिळतात. कोणी म्हणते, “शास्त्रात सांगितले आहे, उगाच फाटे फोडू नकोस.” कोणी म्हणते, “ही सारी जुनी थोतांडे, त्यांत काय अर्थ आहे?” पहिल्या उत्तराने मुलाची जिज्ञासा मारली जाते आणि दुसऱ्याने आजीचा सण. आम्हांस वाटते, ही दोन्ही उत्तरे आळसाची आहेत. या प्रश्नाचे खरे उत्तर दोहोंपेक्षा पुष्कळच सुंदर आहे. आणि श्रद्धा व विज्ञान यांचे नाते कसे असते, कसे असावे, याचाही उलगडा त्यात होतो.

आकाशात काय घडते?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे जास्तीत जास्त गेलेला असतो. आपल्या गोलार्धातील तो सर्वांत लहान दिवस. त्यानंतर सूर्य उत्तरेकडे वळू लागतो. पुण्यासारख्या ठिकाणी एक मीटर उंचीची काठी सपाट जमिनीवर उभी केली, तर त्या दिवशी माध्यान्ही तिची सावली सुमारे ९० सेंटिमीटर पडते. १४ जानेवारीला तीच सावली सुमारे ८३ सेंटिमीटरांवर आलेली असते. म्हणजे संक्रांत येईपर्यंत सूर्य वळून तीन आठवडे उलटलेले असतात.

मग संक्रांतीला घडते काय? त्या दिवशी सूर्य नक्षत्रचक्रातील मकर राशीत प्रवेश करतो. उत्तरायण ही ऋतूंशी निगडित घटना आहे आणि मकर राशीतील प्रवेश ही तारकांशी निगडित घटना आहे. या दोन्ही घटना एके काळी एकाच दिवशी घडत असत. आज रूढ असलेल्या गणनेप्रमाणे सुमारे सतराशे वर्षांपूर्वी. तेव्हा ‘मकरसंक्रांत म्हणजे उत्तरायणाचा आरंभ’ हे वाक्य अक्षरशः खरे होते. पुढे त्या दोघींची फारकत झाली. तिचे कारण पृथ्वीच्या चालीत आहे.

जमिनीवर फिरणारा भोवरा मंदावू लागला की त्याची आरही हळूहळू डुलत वर्तुळ काढते. पृथ्वीचा अक्ष तसाच डुलतो. विषुववृत्तापाशी पृथ्वी किंचित फुगीर आहे. त्या फुगवट्यावर सूर्य आणि चंद्र यांची ओढ पडते आणि अक्षाची दिशा सावकाश फिरत राहते. एक फेरा पूर्ण व्हावयास सुमारे २६,००० वर्षे लागतात. याचा परिणाम असा की, ऋतूंचे वर्ष हे ताऱ्यांच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी लहान असते. वीस मिनिटे ती काय! परंतु बहात्तर वर्षांत त्यांचे १४४० मिनिटे होतात, म्हणजे पुरता एक दिवस. आपले जुने ज्योतिषी याला अयनचलन म्हणत.

त्यामुळे संक्रांत इंग्रजी तारखांतून सुमारे बहात्तर वर्षांस एक दिवस या गतीने पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला. तारीख होती १२ जानेवारी. २०२४ साली संक्रांत १५ जानेवारीला आली, २०२५ साली १४ जानेवारीला. आणखी एक उदाहरण मराठी मनाला अधिक जवळचे आहे. पानिपतचा घोर संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. ‘संक्रांत कोसळली’ हा शब्दप्रयोग त्या आठवणीशी इतका एकजीव झाला आहे की, तो दिवस संक्रांतीचाच होता असे अनेकजण मानून चालतात. गणित मात्र सांगते की, त्या वर्षी सूर्याने मकर राशीत प्रवेश केला तो १० जानेवारीच्या सुमारास. लढाई झाली ती संक्रांत होऊन गेल्यावर. पानिपतचे दुःख याने तसूभरही कमी होत नाही. स्मृती आणि तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच ते आपणांस शिकवते.

‘संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो’ असे घरोघरी म्हणतात. दिवस वाढू लागतो तो वस्तुतः डिसेंबरातच. पण या म्हणण्यात निरीक्षण नाही असे नव्हे. २२ डिसेंबर ते १४ जानेवारी या काळात पुण्यास दिवस वाढतो तो अवघा सातएक मिनिटांनी, आणि तोही सारा संध्याकाळच्या बाजूने. सूर्यास्त सुमारे चौदा मिनिटांनी लांबतो. सूर्योदय मात्र उलट सातएक मिनिटांनी उशिरा होऊ लागलेला असतो. पहाटेची थंडी तशीच, अंधारही तसाच. संध्याकाळ मात्र थोडी लांबलेली. हे मोठे होणे डोळ्यांत भरावयास जानेवारीचा मध्य उजाडावा लागतो. शेतावर राबणाऱ्या माणसाने घड्याळावाचून जे टिपले, ते असे होते.

पूर्वसूरींची साक्ष

‘मग आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते काय?’ असा प्रश्न साहजिकच मनात येतो. ठाऊक होते, आणि नुसते ठाऊक होते असे नव्हे, तर त्याविषयी काय करावे हेही त्यांनी सांगून ठेवले होते. वेदांगज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितला आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत याचा विचार केला आहे. त्याचे म्हणणे असे की, पूर्वीच्या शास्त्रांत ज्याअर्थी तसे लिहिले आहे, त्याअर्थी ते केव्हातरी तसे असले पाहिजे. परंतु आज उत्तरायण मकराच्या आरंभी होते. आणि याहून निराळे आढळले तर प्रत्यक्ष परीक्षणाने निर्णय करावा. ते परीक्षण उगवत्या व मावळत्या सूर्याच्या खुणांवरून आणि मोठ्या वर्तुळात पडणाऱ्या सावलीवरून कसे करावे, हेही त्याने सुचविले आहे.

या विधानात केवढा विनय आणि केवढे धैर्य आहे पाहा! पूर्वसूरींना त्याने खोटे ठरविले नाही आणि त्यांच्या वचनापुढे आपले डोळेही मिटून घेतले नाहीत. धर्मकृत्यांचा काळ ठरविणाऱ्या शास्त्रातच ‘स्वतः पाहा’ हा आदेश आहे. आपल्या महाराष्ट्रातही ही परंपरा अखंड होती. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला. त्याचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः वेध घेणारे ज्योतिषी होते, आणि जुन्या ग्रंथांतील ग्रहस्थिती आकाशाशी जुळत नसेल तर ती दुरुस्त केली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. ‘ग्रहलाघवा’वरून पुढे कित्येक पिढ्या पंचांगे होत राहिली. अर्थात, साडेतीनशे वर्षांत त्या ग्रंथातील गणितही आकाशापासून ढळू लागले. दुरुस्त करणाऱ्याचीही दुरुस्ती करावी लागते. शास्त्राचा धर्मच तो.

पंचांगाचा वाद

ते काम एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी हाती घेतले. पाश्चात्त्य वेधांच्या आधारे त्यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, आणि त्याच दशकात पटवर्धनी पंचांग निघाले. त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक. याच अयनचलनाचा धागा धरून वेदांचा काळ काढण्याचा प्रयत्न टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ या ग्रंथात केला. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहून अजरामर काम केले. जनार्दन बाळाजी मोडक आणि विसाजी रघुनाथ लेले यांच्यासह दीक्षितांचा आग्रह असा होता की, सण ऋतूंशी बांधलेले असले पाहिजेत. म्हणून पंचांग सायन असावे, म्हणजे संक्रांत खऱ्या उत्तरायणाच्या दिवशी, डिसेंबरातच करावी.

याउलट व्यंकटेश बापूजी केतकर यांनी राशींचा आरंभबिंदू चित्रा ताऱ्याच्या समोर धरून निरयन गणना मांडली. टिळकांचा पक्ष रेवती ताऱ्याचा. या दोन आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचे अंतर पडते आणि सूर्य दिवसाला जवळजवळ एक अंश चालतो. म्हणूनच टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत संक्रांत इतरांच्या आधी चारएक दिवस, १० जानेवारीच्या सुमारास येते. अधिक मासाच्या वर्षी तर काही वेळा या घरांतले गणपती आणि दिवाळी इतरांच्या आधी महिनाभर होऊन जातात.

येथे संक्रांतीचे एक फारसे न बोलले जाणारे महत्त्व ध्यानात येते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. ते सौरवर्षाहून दरवर्षी अकरा दिवसांनी मागे पडते. ज्या चांद्रमासात सूर्याची एकही संक्रांती होत नाही तो अधिक मास, असा नियम करून पूर्वजांनी ही तूट भरून काढली. म्हणजे दिवाळी थंडीच्या उंबरठ्यावर आणि गणपती पावसात राहतात, ते बारा संक्रांतींच्या खुंट्यांमुळे. मकरसंक्रांत ही त्या बारांतील एक.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमण्यात आली. तीत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हेही होते. समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तीत पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबरला येतो. म्हणजे तो उत्तरायणाशी जुळतो. सरकारी कागदपत्रांवर ती दिनदर्शिका आजही आहे. पण तिळगूळ मात्र आपण जानेवारीतच वाटतो.

विज्ञान हरले काय?

दीक्षितांचे गणित अचूक होते. तरीही समाजाने त्यांचे पंचांग स्वीकारले नाही. मग ही विज्ञानाची हार आणि रूढीची जीत म्हणावयाची काय? आम्हांस तसे वाटत नाही. सूर्य कोणत्या क्षणी वळतो, हा प्रश्न विज्ञानाचा आहे. त्याचे उत्तर बहुमताने ठरत नाही, धर्मसभेने ठरत नाही. ते सावलीने ठरते. परंतु शेजाऱ्याच्या हातावर तिळगूळ कोणत्या दिवशी ठेवावा, हा प्रश्न दुर्बिणीला विचारता येत नाही. त्याचे उत्तर समाज देतो, आणि सर्वांनी मिळून एक दिवस पाळणे यातच त्या उत्तराचे सामर्थ्य असते. एकट्याने केलेली संक्रांत गणिताने बिनचूक असेल, पण तिळगूळ द्यावयास दारात कोणी यावयाचे नाही.

याचा अर्थ चालले आहे ते कायमचे चालेल, असा नव्हे. याच गतीने संक्रांत सरकत राहिली, तर सहा हजार वर्षांनी ती एप्रिलच्या पूर्वार्धात पोहोचेल. तेव्हाच्या लोकांना उन्हाच्या काहिलीत तीळ आणि गूळ खावा लागेल, किंवा गणना बदलावी लागेल. ते काय करावयाचे ते करतील. वराहमिहिराने त्यांच्यासाठीही सूचना लिहून ठेवली आहेच.

श्रद्धेचे सत्य आणि वेधाचे सत्य यांची जात निराळी असते. ध्रुवाची कथा घ्या. सावत्र आईने मांडीवरून उठविलेल्या बालकाने तपाने अढळपद मिळविले, ही कथा ऐकून किती पिढ्यांची मुले धीराची झाली असतील! विज्ञान सांगते की, आकाशातला ध्रुवतारा अढळ नाही. याच अक्षाच्या डुलण्यामुळे पाच हजार वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाजवळ निराळा तारा होता, आणि सुमारे बारा हजार वर्षांनंतर त्या दिशेला अभिजित येईल. म्हणून कथा खोटी ठरली काय? अढळपणा ताऱ्यात आहे, असे मानणाऱ्याची ती खोटी ठरली. अढळपणा त्या मुलाच्या निश्चयात आहे, हे ज्याने ओळखले त्याचे काहीच गेले नाही. शरपंजरी अठ्ठावन्न रात्री पडून राहिलेल्या भीष्मांनीही वाट पाहिली ती सूर्याच्या खऱ्या वळण्याची. त्या प्रतीक्षेपुढे आपले हात जुळतात, ते तिच्यातील संयमासाठी.

दोन मोह

आजकाल श्रद्धेचे समर्थन करताना एक मोह फार दिसतो. तो म्हणजे प्रत्येक रूढीमागे विज्ञान दडले आहे, असे सिद्ध करण्याचा. तीळ स्निग्ध असतात, गूळ गोड आणि शक्ती देणारा असतो, थंडीत दोन्ही चांगले. हे सारे खरेच आहे. काळे वस्त्र ऊन अधिक शोषते, हेही खरे. परंतु संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसणाऱ्या पहिल्या गृहिणीने हाच हिशेब मनात केला होता, याला पुरावा कोणता? विज्ञानाचा शिक्का मिळाल्याखेरीज सणाला मान नाही, असे मानणे हा श्रद्धेचाच न्यूनगंड होय. आणि पुराव्यावाचून ‘विज्ञान’ हा शब्द वापरणे, हा विज्ञानाचा अपमान होय. नव्या सुनेला आणि तान्ह्या बाळाला हलव्याचे दागिने घालून कौतुक करावे, यासाठी कौतुकापलीकडचे कारण शोधण्याची गरजच नाही.

दुसरा मोह याहून घातक आहे. तो भीती पसरविण्याचा. यंदा संक्रांत कोणत्या वाहनावर बसून आली, काय नेसून आली, कोणत्या दिशेस पाहते, याची वर्णने दरवर्षी मोठ्या चवीने वाचली जातात. संक्रमणाच्या क्षणी अकरा करणांपैकी कोणते करण चालू आहे, त्यावरून हे वाहन ठरते. म्हणजे ते एक ठरलेले कोष्टक आहे. काव्य म्हणून ते मनोरम आहे. पण ‘यंदाची संक्रांत वाईट आहे, एकुलता मुलगा असलेल्या आईने अमुक केलेच पाहिजे’ अशा अफवा त्याच्या आडून उठतात, तेव्हा काव्य संपते आणि माणसाच्या काळजीवरचा व्यापार सुरू होतो. सूर्याचे एका राशीतून दुसरीत जाणे कोणाच्या लेकराचे वाईट करीत नाही. तेवढे निर्भयपणे सांगणे हे विज्ञानाचे कर्तव्य आहे, तसेच ते श्रद्धेचेही आहे.

खरे संक्रमण

आणि सर्वांत कठीण गोष्ट शेवटी. आजपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होईल. सुवासिनींना वाण लुटले जाईल. त्याच घरात, त्याच आळीत, पतिनिधनानंतर जिला या समारंभाचे बोलावणे येत नाही, अशी एखादी आत्या, वहिनी किंवा लेक आतल्या खोलीत बसून बाहेरचा बांगड्यांचा आवाज ऐकत असेल. तिला दूर ठेवण्यास खगोलशास्त्राचा आधार नाही, आणि ज्या सणाचे सारे सार गोड बोलण्यात आहे त्याचाही आधार असू शकत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांवर लादल्या जाणाऱ्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका खेड्याने जे केले ते एका घराला करता येणार नाही काय?

संक्रांतीची तारीख डिसेंबर की जानेवारी, चित्रापक्ष की रेवतीपक्ष, याने कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. तो वाद विद्वानांनी खुशाल चालवावा. त्यातून ज्ञान वाढेल. जेथे माणूस दुखावतो तेथे मात्र रूढीचीही तपासणी झाली पाहिजे. सावली मोजून वराहमिहिराने ग्रंथाची तपासणी केली, तशीच शेजारणीचा चेहरा पाहून आपण रीतीची तपासणी करावी. प्रत्यक्ष परीक्षणाचा तो जुना आदेश आकाशापुरताच होता, असे कोणी सांगितले?

तेव्हा त्या शाळकरी मुलाला आज खुशाल सांगावे : “बाळ, तुझे पुस्तकही खरे आणि आजीचा सणही खरा. सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच वळला. आपण माणसे थोडी सावकाश वळतो, म्हणून दरवर्षी हा दिवस पाळावा लागतो.” मग त्याच्या हाती एक काठी द्यावी, अंगणात तिची सावली मोजावयास सांगावे, आणि परत आल्यावर तिळगुळाची वाटी देऊन म्हणावे की, पहिला तिळगूळ आतल्या खोलीतल्या आत्याला नेऊन दे.

वाचकहो, तिळगूळ घ्या, गोड बोला!